उतरण्याचं चित्र

ऑक्टोबर लागला की आमच्या सोसायटीच्या गच्चीचं कुलूप निघतं. शेवाळावरून कुणी घसरायला नको म्हणून वॉचमन पावसाळाभर ती कुणाला उघडून देत नाही. मग एका कडक उन्हाच्या सकाळी ओल धरलेल्या गाद्या, उशा, गोधड्या वर जातात, दोऱ्या बांधल्या जातात आणि दुपारपर्यंत गच्चीवर पाय ठेवायला जागा उरत नाही. खाडीवरून वारा येतो. ओहोटी असेल तर त्याला चिखलाचा वास असतो, दिवाळे गावाच्या बाजूने आला तर वाळत घातलेल्या मासळीचा. दोरीवरची एखादी पांढरी चादर त्या वाऱ्याने फुगते. क्षणभर तिला पाठ येते, खांदे येतात. मी हातातली बादली खाली ठेवतो आणि बघत राहतो.

चादरीचे खांदे सरळ असतात. तेवढ्यावरून कळतं, की हे आप्पा नाहीत.

आप्पा म्हणजे माझे वडील. मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी धान्याचा मोंढा आहे, तिथे ते हमाल होते. पोतं कायम उजव्या खांद्यावर घ्यायचे, त्यामुळे तोल सावरायला अंग डावीकडे कलायचं. वर्षानुवर्षं तसं कलून डावा खांदा जो खाली उतरला तो ओझं नसतानाही वर आला नाही. शाळा सुटल्यावर मी त्यांचा डबा घेऊन मोंढ्यात जायचो. बाकीचे हमाल थप्पीवर पोतं आदळायचे, धूळ उडायची. आप्पा एक गुडघा वाकवायचे, डावा हात जमिनीला टेकवायचे आणि पोतं खांद्यावरून मांडीवर, मांडीवरून खाली असं उतरवायचे, झोपलेलं लेकरू ठेवावं तसं. मला मात्र ते पोत्याला हात लावू देत नसत. "तू पुस्तकाला लाव हात," म्हणायचे. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो, तो अशा रीतीने. आज मी द्रोणागिरीच्या गोदामांमधल्या मालाची ने-आण बघणाऱ्या एका कंपनीत आहे. दिवसभर टनांनी माल हलवतो, सगळा स्क्रीनवर.

पण मला सांगायचं आहे ते एका चित्रकाराबद्दल.

केळुसकर सर आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. माझ्या बाथरूमचं पाणी त्यांच्या छतात झिरपलं, त्यातून ओळख झाली. प्लंबरला घेऊन, मान खाली घालून मी त्यांच्याकडे गेलो, तर ते म्हणाले, "दोन दिवस थांबव त्याला. हा डाग मी ढग म्हणून वापरतोय." खरंच, टेबलावरच्या कागदावर छतातल्या ओलीचा तोच डाग शहरावर दाटून आलेला होता, आणि त्याच्याखालून एक माणूस उडत चालला होता.

उडणारी माणसं मी लहानपणी पुष्कळ पाहिली होती. आमच्या गावच्या बसस्टँडजवळ एक जण कॉमिक्स भाड्याने द्यायचा. त्यातले वीर रबरासारखे होते. छाती फुगलेली, अंगावर एक सुरकुती नाही, सावली नाही, घाम नाही. मला ते आवडायचे, पण ते आपल्या जगातले वाटायचे नाहीत. आमच्या जगात सगळ्यांना घाम यायचा.

सरांच्या कागदावरच्या माणसाच्या पाठीवर घामाने चिकटलेलं कापड होतं. पायावर चपलेच्या पट्ट्यांचे पांढरे वळ होते. उन्हात रापलेल्या पावलांवर उरतात तसे. उडताना त्याचं पोट थोडं लोंबत होतं. त्याची सावली खालच्या इमारतीवर पडली होती आणि दोरीवरच्या कपड्यांवरून जाताना ती मोडत, वाकत जात होती. मी कितीतरी वेळ ती सावली बघत उभा राहिलो. प्लंबर कंटाळून निघून गेला. ज्या माणसाची सावली कुणाच्या तरी परकरावर पडते, तो माणूस वर आहे यावर विश्वास ठेवावाच लागतो. एकदम भीती वाटते, की हा पडेल. बसस्टँडच्या वीरांबद्दल मला अशी भीती कधी वाटली नव्हती.

सर प्रत्येक गोष्ट आधी बघतात, मग काढतात. कुणालातरी उभं करून, बसवून, झोपवून, ऊन कुठून येतं ते पाहून फोटो घेतात आणि मग त्यावरून पाण्यात कालवलेल्या जाड रंगांनी दिवस-दिवस काम करतात. त्यांच्या आधीच्या चित्रकथेच्या पुस्तकातली उडणारी बाई म्हणजे करावे गावातली मासळी विकणारी बाई होती. तिच्या बाहूंकडे बघून ती कुणालाही सहज उचलून नेईल हे पटायचं. "न बघता काढलं ना, की हात खोटं बोलायला लागतो," ते म्हणायचे. "मग मलाच पटत नाही."

आप्पांनी काम सोडलं आणि माय व ते माझ्याकडे राहायला आले, तेव्हा असाच ऑक्टोबर होता. लिफ्टमध्ये सर भेटले.

"हे वडील का रे तुझे?"

"हो सर."

आप्पांनी हात जोडले. सरांनीही जोडले, पण त्यांची नजर खांद्यावरून हलेना. "काका, माझ्या पुस्तकात काम कराल?"

"मला लिवता-वाचता येत न्हाई, सायेब."

"नको. फक्त उडायचंय."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "रव्या, काय म्हनतेत हे?"

सरांच्या नव्या पुस्तकाचा नायक म्हातारा होता. त्याला नाव नव्हतं, बिल्डिंगमधले लोक त्याला नुसतं काका म्हणायचे. तरुणपणी तो उडायचा, आता कुणाला त्याची गरज उरलेली नाही. एके दिवशी समोरच्या टॉवरला आग लागते. काका पुन्हा एकदा झेप घेतो, अडकलेल्या एका बाईला उचलून खाडीपलीकडे नेतो आणि आपल्या गच्चीवर परत येतो. एवढीच गोष्ट. सर वर्षभर काकाचं शरीर शोधत होते.

मग दुपारी उन्हं कलली की गच्चीवर ते सुरू झालं. आमच्याच घरातली पांढरी चादर, गळ्याशी सेफ्टी पिन. टाकीच्या चौथऱ्यावर आप्पा चवड्यांवर उभे. उडण्याच्या चित्रांसाठी त्यांना बाकावर पालथं झोपवलं, हात पुढे करायला लावले आणि चादर फुगावी म्हणून मी शेजारी टेबलफॅन धरून उभा राहिलो.

माय गोधडी वाळत घालता घालता बघायची. "घरी आंगावर नवा सदरा घाला म्हनलं तर ऐकत न्हाईत. अन् हितं बघा, चादर लावून नवरदेव."

"तू गप. मी उडालोय," आप्पा बाकावरून म्हणायचे.

"उडा, उडा. येताना कोथिंबीर आना."

सर हसत नसत. त्यांना त्या वेळी ऐकूच येत नसे बहुतेक. "काका, मान जरा डावीकडे. बस्स. टेन्शन नका घेऊ, श्वास घ्या." आणि आप्पा आज्ञाधारकपणे श्वास घ्यायचे. मी त्यांना आयुष्यात दुपारी असं निवांत पडलेलं पाहिलं नव्हतं, आणि तेही आकाशात.

पहिलं पान तयार झालं तेव्हा सरांनी आम्हाला खाली बोलावलं. चित्रात सूर्य मावळत होता आणि काका टाकीवरून वर उठत होता. चादरीची शिवण दिसत होती, पिन दिसत होती, पिनेने कापडाला पडलेला ताणही दिसत होता. डोळ्यांखालचं कातडं आप्पांचं, हनुवटीवरचे पांढरे खुंट आप्पांचे. आणि डावा खांदा खाली. आकाशातसुद्धा खाली. असा की उजव्या खांद्यावर अजून काहीतरी आहे आणि ते घेऊनच तो वर निघाला आहे.

आप्पांनी वाकून पाहिलं. मग म्हणाले, "खांदा असा कामून काढला?"

"आहे तसा काढलाय, काका."

"सरळ करा की. उडनाऱ्या मानसाला कशाला असला खांदा."

सरांनी ब्रश पाण्यात ठेवला. "तुम्ही नको म्हणत असाल तर पान फाडतो. पण सरळ मला काढता येणार नाही."

आप्पांनी पुन्हा चित्राकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला तेव्हा वाचता आलं नाही. "ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले.

त्या रविवारी मी आमच्याकडचे फोटो काढून बसलो. थोडेच आहेत. पदवी मिळाली त्या दिवशीच्या फोटोत आप्पा माझ्या मागे अर्धे झाकलेले आहेत. लाजून मागे उभे राहिले असं मी समजत आलो होतो. मग बाकीचे पाहिले. चुलत बहिणीच्या लग्नात, बुद्धविहाराच्या पायरीवर, सगळीकडे त्यांनी डावा खांदा कुणाच्या तरी मागे नेला होता. आयुष्यभर ते फोटोतून तेवढा भाग लपवत आले होते, आणि या चित्रकाराने नेमका तोच उघड्या आभाळात नेऊन ठेवला होता.

उतरण्याचं पान तेवढं राहिलं होतं. दिवाळी आली. आप्पांना गावी जायचं होतं, मोंढ्यातल्या सोबत्यांना भेटायचं होतं. जिन्यात सर म्हणाले, "काका, तुम्ही अजून वरच आहात. उतरायचं राहिलंय."

"गावाकडून येतो अन् उतरतो," आप्पा म्हणाले.

मोंढ्यातल्या चहाच्या टपरीवर आप्पा सोबत्यांमध्ये बसले होते. बसल्या जागी मान खाली गेली. झोप लागली असं वाटून कुणी लगेच हलवलं नाही.

मृत्यूनंतरच्या जलदान विधीला फोटो हवा होता. गावच्या फ्लेक्सवाल्याला मी पदवीच्या दिवशीचा फोटो दिला. त्याने माझ्यामागचा आप्पांचा चेहरा कापून घेतला आणि खाली कोट-टाय जोडला. आमच्याकडे गेलेल्या माणसाला तसा कोट घालण्याची रीतच आहे. शेतात, खाणीत, मोंढ्यात राबलेली माणसं अशी शेवटी साहेब होऊन भिंतीवर जातात. त्याला हसण्यासारखं काही नाही. कोटाला आमच्यात मोठा मान आहे, आणि आप्पांनाही तो आवडला असता. फ्लेक्सवाल्याने मनापासून काम केलं होतं. पण कोटाचे खांदे एका रेषेत होते. चौकात फ्लेक्स लागला आणि माय त्याच्यासमोर उभी राहिली, अनोळखी माणसाशी बोलायला संकोचावं तशी.

ती माझ्याकडे परत आली ती तोच फोटो घेऊन. हॉलमध्ये लावला. काही महिन्यांनी एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्यायचं तोंड आठवतं रे. पण उभे कसे ऱ्हायचे ते आठवंना झालंय. डोळे मिटले की हा कोटवालाच येतो."

मी तिला सरांकडे नेलं. त्यांनी सगळी पानं टेबलावर मांडली. माय एकेका पानावरून बोट फिरवत गेली, कागदाला न टेकवता. खांद्याशी थांबायची, पुढे जायची. पानं संपली तिथे कोरा कागद होता.

"उतरले न्हाईत का अजून?"

सरांनी पानं गोळा केली. तेव्हापासून माय गच्चीवर गेली की आधी वर बघायची. कपडे वाळत घालताना, काढताना. मी विचारलं तर म्हणायची, "काही न्हाई. पाऊस बघते." आभाळात ढगाचा ठिपका नसायचा.

पुढचा ऑक्टोबर आला तेव्हा प्रकाशकाचा धीर संपला होता. त्याने शेवटचं पान एआयच्या मशीनकडून करून घेतलं, आधीची चित्रं त्याला खाऊ घालून, आणि सरांच्या मोबाईलवर नमुना पाठवला. सरांनी मला दाखवायला बोलावलं. माय सोबत होती. चित्रातला काका गुडघ्यावर उतरला होता, मूठ जमिनीत रुतवून, आणि गच्चीला तडे गेले होते. चेहरा आप्पांचा होता. छाती भरदार आणि दोन्ही खांदे समान.

माय म्हणाली, "हे बी ते न्हाईत."

सरांनी मोबाईल पालथा ठेवला. "मी थोडे दिवस मागून घेतलेत," ते म्हणाले. "नंतर हेच छापतील. रवी, तू उभा राहशील का? हाड तुझ्यात त्यांचंच आहे."

मी उभा राहिलो. तीच चादर, तीच पिन, टाकीच्या चौथऱ्यावरून खाली उडी. मी डावा खांदा पाडून बघितला. सरांनी कॅमेऱ्यात पाहिलं आणि कॅमेरा खाली घेतला. पुन्हा केलं. मी जास्त पाडला, कमी पाडला. मलाही जाणवत होतं, की मी आप्पांची नक्कल करतो आहे आणि वाईट नक्कल करतो आहे. कॉलेजात मुलं लंगड्या माणसाची करतात तशी. घाम आला, रडूही येईलसं वाटलं.

"जाऊ दे," सर म्हणाले. त्यांचा आवाज थकलेला होता. "हे खोटं आहे रे. तुझी चूक नाही." ते लेन्सचं झाकण शोधू लागले.

पलीकडे मायने गावाहून आलेली ज्वारी उन्हात घातली होती. ती तिने पोत्यात भरून तोंड बांधलं होतं. ऊन भिंतीवर चढलं होतं. "रवी, झालं असलं तं हे खाली घे," ती म्हणाली.

मी चादर न सोडता वाकलो आणि पोतं उचलून उजव्या खांद्यावर घेतलं. अर्धंच होतं. तरी माझ्या आयुष्यातलं ते पहिलं पोतं. मान आपोआप एका बाजूला गेली. दोन पावलं टाकली, तोल जाईल असं वाटलं, म्हणून अंग डावीकडे टेकलं. कशावर टेकलं ते मला सांगता येणार नाही. तिथे काही नव्हतं, पण टेकायला जागा होती. डावा खांदा खाली गेला आणि तिथे थांबला.

मागून माय म्हणाली, "अहो, हळू."

गच्चीवर चादरींची फडफड तेवढी चालू होती. मी मागे वळलो नाही. मला वळायची भीती वाटली. आपण वळलो आणि तिने माझं तोंड पाहिलं, तर कुणीतरी इथून निघून जाईल, असं काहीतरी मनात आलं.

"तसाच थांब," सर अगदी हळू म्हणाले.

मी थांबलो. ओझं वाढत गेलं. सवय नसलेला माणूस मी, पाय थरथरायला लागले. मग गुडघा वाकला, डावा हात जमिनीला टेकला, आणि पोतं खांद्यावरून मांडीवर, मांडीवरून खाली आलं. धूळ उडाली नाही. मला हे कुणी शिकवलं नव्हतं, मला तर पोत्याच्या जवळही येऊ दिलं नव्हतं. कॅमेऱ्याचा आवाज होत होता. मी वर पाहिलं तेव्हा माय जमिनीवर बसली होती आणि सांडलेले ज्वारीचे दाणे एकेक करून वेचत होती.

"असेच उभे ऱ्हायचे," ती म्हणाली, दाण्यांकडे बघत. "असंच ठेवायचे."

शेवटचं पान सरांनी महिनाभर केलं. त्यात तडे नाहीत, धूळ नाही. दोऱ्यांवर चादरी आहेत, टाकीशी काढून ठेवलेल्या चपला आहेत, पलीकडे खाडीवर संध्याकाळ आहे. काका एक गुडघा वाकवून उतरतो आहे, हात जमिनीला टेकतोय, डावा खांदा खाली, उजवा अजून काहीतरी सावरतोय. खांद्यावर काहीही नाही. जे नाही त्याचं वजन चित्रात आहे. ते कसं काढतात हे मी सरांना विचारलं नाही, त्यांनाही सांगता आलं नसतं. काकाच्या पावलाजवळ ज्वारीचे चार दाणे पडले आहेत. पुस्तक वाचणारे त्याचे नाना अर्थ लावतात.

आता पुन्हा ऑक्टोबर आहे. पुस्तक सीवूड्सच्या दुकानात पुढेच लावलेलं असतं. मुलं ते उघडतात, आप्पांना उडताना बघतात, आणि बंद करून दुसरं काहीतरी घेतात. खाडीपलीकडे विमानतळ सुरू झालाय. संध्याकाळी गच्चीवरून एकामागून एक विमानं खाली येताना दिसतात. पण माय वर बघत नाही. कपडे काढते, घड्या घालते. हॉलमध्ये कोटवाले आप्पा अजून आहेत, त्यांच्या शेजारी ते पान आहे. कोटही तिने काढला नाही. "दोगं बी ऱ्हाऊ दे," म्हणाली.

मीच जरा सावध झालो आहे. लिफ्टच्या आरशात स्वतःकडे बघणं टाळतो. उजव्या खांद्यावर लॅपटॉपची बॅग असते, दुसरं काही नसतं, तरी डावा खांदा खाली दिसतो. मी तो सरळ करतो. दार येईपर्यंत तो पुन्हा आपल्या जागी गेलेला असतो. बेल वाजवली की माय दार उघडते. आधी खांद्याकडे बघते, मग तोंडाकडे. "आलास व्हय," म्हणते आणि बाजूला होते.

खांद्यावरून तोंडापर्यंत यायला तिला जो क्षण लागतो, तेवढ्यात दारात कोण उभं असतं, ते मी तिला विचारलेलं नाही.